फायनल जिंकली तरी कप का नाही?

प्रश्न: दादा, माझा भाचा अमेरिकेत कॉलेजच्या बेसबॉल टीममध्ये आहे, त्यांच्या कॉन्फरन्सच्या टूर्नामेंटची फायनल आम्ही इथे रात्रभर जागून मोबाईलवर बघितली. त्याची टीम जिंकली, पेढे आणायचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात कळलं की अजून एक मॅच आहे, आणि ती हरले. हा कुठला न्याय? आणि त्यांचा भारीतला पिचर, म्हणजे बॉल फेकणारा, दोन्ही मॅचला खांद्याला बर्फाची पिशवी बांधून नुसता बसून, कोचने त्याला का नाही उतरवलं?
— एक मावशी, ऐरोली

उत्तर: मावशी, वाईट वाटणारच, पण अन्याय नाही झाला. बऱ्याच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांत, ही टूर्नामेंट डबल एलिमिनेशनची असते, दोनदा हरलं की बाहेर. भाच्याची टीम आधी एक मॅच हरून खालून चढत आलेली असणार आणि समोरचे तोवर एकही न हरलेले, म्हणून त्या रात्री दोघांची एक-एक हार झाली आणि निकालासाठी अजून एक मॅच लागली, ती वेळापत्रकात ‘गरज पडल्यास’ म्हणून आधीच लिहिलेली असते. आयपीएलमध्ये क्वालिफायर वन हरलेल्याला दुसरा चान्स मिळतो ना, इथे तो सगळ्यांनाच. एसईसी या मोठ्या कॉन्फरन्सने मात्र 2025 मध्ये हे बंद केलं, आता तिथे हरला की घरी.

आता पिचरचं. खालून चढणाऱ्या टीमला जास्त मॅच खेळाव्या लागतात आणि तिथेच पिचर संपतात. स्टार्टिंग पिचर, म्हणजे मॅचची सुरुवात करणारा, सीझनमध्ये साधारण आठवड्यातून एकदाच उतरतो, कारण शंभरेक बॉल पूर्ण जोराने फेकले की कोपराच्या आतल्या लिगामेंटवर भयंकर ताण येतो. ते तुटलं तर टॉमी जॉन सर्जरी, 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्या नावाच्या पिचरवर पहिल्यांदा केलेली, आणि त्यानंतर परत फेकायला वर्षभर तरी जातंच. दोन दिवसांपूर्वी फेकलेल्या पोराला कपासाठी परत उतरवणारे कोचही असतात हो, मला ते अजिबात पटत नाही. तुमच्या भाच्याच्या कोचने त्याला बसवलं ते शंभर टक्के बरोबर केलं.

पण पोरं एवढी का रडली तेही सांगतो. कॉन्फरन्स जिंकणाऱ्याला एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या 64 टीमच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट एन्ट्री, बाकीच्यांना कमिटी निवडते आणि छोट्या कॉन्फरन्सच्या वाट्याला बहुतेकदा तेवढी एकच जागा. फ्रेस्नो स्टेट या कॉलेजची टीम 2008 मध्ये अशीच कॉन्फरन्स जिंकून आत शिरली, रिजनलमध्ये, म्हणजे चार-चार टीमच्या पहिल्या टप्प्यात, चौथ्या म्हणजे शेवटच्या सीडवर (मानांकनावर), आणि शेवटचा टप्पा होतो त्या ओमाहाला जाऊन नॅशनल चॅम्पियन झाली!

प्रश्न: अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलच्या बॅटचा टण्ण असा आवाज का येतो?
— नववीतला वाचक, ठाणे

उत्तर: कारण ती लाकडाची नसते. कॉलेजमध्ये 1974 पासून मेटलची बॅट चालते, मेजर लीग या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये मात्र फक्त लाकडी. मेटलवरून बॉल फारच सुसाट जायला लागला, पिचरला लागायची भीती, म्हणून 2011 पासून नियम कडक करून बॅटचा उसळवायचा जोर लाकडाच्या जवळ आणला.