ऑटोकॅडमध्ये आकार बंद दिसतो, तरी एक्सट्रूड केल्यावर सॉलिड का होत नाही?

पार्टीकडून आलेली डीएक्सएफ फाइल (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात ड्रॉइंग न्यायची), रेषा आणि आर्क जोडून केलेला आकार, आणि एक्सट्रूड केला, म्हणजे उंची देऊन उभा केला, की तळ-झाकण नसलेल्या डब्यासारख्या नुसत्या भिंती उभ्या राहतात. तुमची अडचण मला अशी समजली. यावर ज्याला विचाराल तो एकच सांगेल: पी-एडिट कमांड घ्या, जॉइन करा, फझ डिस्टन्स (एवढ्या अंतरापर्यंतची सुटलेली टोकं जोडून टाक, असा आकडा) टाका, विषय संपला. याच सल्ल्यावरून माझं एका साहेबांशी कडाक्याचं भांडण झालेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तपासणीचं. आकार सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये 'क्लोज्ड'समोर काय आहे ते बघा. 'नो' असेल तर बहुधा सरफेसच, म्हणजे जाडी नसलेल्या नुसत्या भिंतीच, मिळणार. 'येस' असूनही सरफेस येत असेल तर एक्सट्रूडच्या मोडमध्ये कुणीतरी सरफेस निवडून ठेवलंय, तो सॉलिडवर आणा. रेषा आणि आर्क सुटेच असतील तर प्रत्येक तुकड्याची वेगळी पट्टी उभी राहते. मग रिजन कमांड (बंद आकाराचा एकसंध सपाट तुकडा करणारी) चालवून बघा. टोकं तंतोतंत जुळलेली नसतील किंवा सगळं एका प्रतलात नसेल, तर रिजन होतच नाही. म्हणून मला तीच सगळ्यात प्रामाणिक परीक्षा वाटते. बाहेरून आलेल्या फाइलमध्ये झेड (उंचीचा आकडा) हमखास दगा देतो. वरून सगळं जुळलेलं दिसतं आणि एकाच आर्कचा झेड शून्य नसतो. एकावर एक बसलेल्या दुहेरी रेषा ओव्हरकिलने काढा. पॉलिलाइन (तुकडे जोडून झालेली एकच रेषा) स्वतःलाच कुठं छेदत असेल तर क्लोज्ड असूनही एक्सट्रूड होणार नाही.

आता गॅप. माझं खरं म्हणणं त्याच्याबद्दल आहे.

मी कोल्हापुरात फाउंड्रीवाल्यांसाठी पॅटर्नची, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा बनतो त्या नमुन्याची, ड्रॉइंग करतो. आता माझं स्वतःचं काम आहे, तेव्हा उद्यमनगरात एका ऑफिसात नोकरीला होतो. रफ कास्टिंगचा रेट किलोवर ठरतो, त्यामुळं चौकशी आली की पहिला प्रश्न 'वजन किती बसतंय?' सॉलिड झालं की मासप्रॉप कमांड घनफळ देतं. ग्रे आयर्नची घनता साधारण ७.२ धरायची, म्हणजे १० लाख घन मिलिमीटरला ७.२ किलो. सरफेसला घनफळ नसतं, म्हणून सॉलिडशिवाय कोटेशन हलत नाही. शिरोलीच्या एका पार्टीचं बेअरिंग ब्रॅकेट असंच आलं होतं. एक्सट्रूड केलं, नुसत्या भिंती आल्या.

साहेब ड्रॉइंग बोर्डाच्या काळातले. त्यांचा हात चांगला होता, माझ्याइतकाच त्यांनाही कामाचा अभिमान होता, हे मी आजही म्हणेन. पण कॉम्प्युटरच्या बाबतीत त्यांचं सूत्र एकच होतं. मागं उभं राहून म्हणाले, "फझ एक टाक आणि सोड की रं. पार्टीला संध्याकाळी वजन द्यायचंय."

मी म्हटलं, "साहेब, गॅप कुठं आहे ते तरी बघू द्या."

"लाईन जुळलीया की! आणि काय बघतोस?"

अख्खा जॉब स्क्रीनवर घेतल्यावर जुळलेलीच दिसत होती. बाउंडरी कमांडने आत क्लिक केलं, तर जिथं टोकं सुटलेली तिथं लाल गोल दाखवले. झूम करत गेलो. बेअरिंगची वरची कमान बाजूच्या रेषांपासून ०.६ मिमी सुटलेली होती. नीट ऐका, ०.६. राउंडिंगमुळं पडणारा फरक चौथ्या-पाचव्या दशांशात असतो. ०.६ आपोआप पडत नाही, कुणीतरी काहीतरी सरकवल्याशिवाय. मग बेसपासून बोअरच्या (बेअरिंग बसायच्या भोकाच्या) सेंटरपर्यंतची उंची डिस्ट कमांडने मोजली. ती ड्रॉइंगवर लिहिलेल्या आकड्याशी जुळेना, आणि फरक तेवढाच, ०.६. डायमेन्शनवर डबल क्लिक केलं तर आकडा हातानं टाइप केलेला!

साहेबांचं म्हणणं, "कास्टिंगला तीन मिलिमीटर अलाउन्स (मशिनिंगमध्ये काढायचं जास्तीचं लोखंड) देतोस, आणि अर्ध्या मिलिमीटरसाठी पार्टीला फोन करतोस? हसतील."

मी फोन केला. पार्टीच्या इंजिनिअरनं फाइल उघडून बघितली. त्यांच्याकडं बोअरची उंची बदलली होती. कुणीतरी सर्कल आणि कमान तेवढी सरकवली, बाजूच्या रेषा जागच्या जागी राहिल्या, आणि जुना आकडा तसाच लिहिलेला राहिला. सुधारलेलं ड्रॉइंग त्यांनी पाठवलं, त्यात आकार बंद होता. सॉलिड एका झटक्यात झालं.

फझ टाकला असता तर काय झालं असतं? जॉइन करताना पी-एडिट टोकं ओढून जुळवतं, म्हणजे भूमिती हलवतं. कुठलं टोक किती हललं हे ते सांगत नाही. गॅप मिटला असता, वजनही जवळपास तेच आलं असतं, आणि चुकलेली उंची कुणालाच दिसली नसती. पुढं व्हीएमसीवाल्यानं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवाल्यानं) कागदावरच्या जुन्या आकड्यानं बोअर मारला असता. अलाउन्समध्ये लोखंड मिळतं, पण बोअर कुठं मारायचा ते आकडाच सांगतो. हे मी तेव्हाही म्हणालो, साहेबांना पटलं नाही. "नशीब म्हणून सापडलं," एवढंच म्हणाले. नशिबाचा काय संबंध? गॅप मोजला म्हणून सापडलं.

प्रॉपर्टीजमध्ये 'क्लोज्ड' नुसतं 'येस' करणं हाही तसलाच उपाय. ऑटोकॅड पहिल्या आणि शेवटच्या टोकामध्ये एक बारीकसा सरळ तुकडा टाकून मोकळं होतं. कमानीच्या स्पर्शिकेवर तो तुकडा पॅटर्नवाल्याला नंतर नडतो. क्लासमध्ये मुलांना हे शॉर्टकट पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि गॅप मोजायला कुणी शिकवत नाही, याचा मला मनापासून राग येतो. गोकुळ शिरगावात, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत नोकरीला लागलेली ही पोरं हुशार असतात. त्यांना 'जुळव' म्हणतात, म्हणून ती जुळवतात.

हे सगळं फझच्या विरोधात नाही, हेही सांगतो. गॅप ०.०००१ सारखा असेल, फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात येताना आकडे राउंड झाले असतील, तर ०.००१ फझ खुशाल टाका, मीही टाकतो. नेमप्लेट किंवा शोभेचं काम असेल तर त्याहून जास्तही चालेल. आणि ड्राफ्टसाठी (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून दिलेल्या उतारासाठी) एक्सट्रूडमध्ये टेपर अँगल देत असाल, तर आकार पूर्ण बंद असूनही कमांड अडू शकते, कारण आत झुकताना लहान त्रिज्या संपून जाते. तिथं गॅप शोधत बसू नका, अँगल किंवा उंची कमी करून बघा.

पण गॅप डोळ्याला दिसण्याइतका असेल तर फाइल देणाऱ्याला आधी फोन करा. आणि ऑफिसात कुणी मागं उभं राहून 'फझ टाक' म्हणालं, तर किती टाकायचा आणि त्यानं कुठला कोपरा किती सरकलेला चालेल, हे त्यांच्याकडून ड्रॉइंगवरच लिहून सही घ्या.