एसएसएचने लॉगिन केल्यावर टीमक्स आपोआप कसं सुरू करायचं?

एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची सोय, आणि टीमक्स म्हणजे कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवर चालू राहणारी टर्मिनल सेशन्स सांभाळणारा प्रोग्राम. तुम्ही बॅशआरसीच्या (बॅश हे कमांड घेणारं शेल सुरू होताना वाचतं त्या फाइलच्या) शेवटी नुसतं 'टीमक्स' लिहिलंत आणि आता दर लॉगिनला नवं सेशन उघडतं, शिवाय आत नेस्टिंगची, म्हणजे टीमक्सच्या आत टीमक्स चालवल्याची, तक्रार दिसते. दोन्हींचं कारण ती एकच ओळ. नुसतं टीमक्स म्हणजे 'नवं सेशन काढ'. आणि टीमक्सच्या आत उघडणारं शेलही बहुधा तीच बॅशआरसी वाचतं, म्हणून पुन्हा टीमक्स सुरू करायला जातं.

न्यू-सेशन या कमांडला मोठ्या 'ए'चा पर्याय द्या आणि छोट्या 'एस'पुढे एक ठरलेलं नाव, समजा 'काम'. त्या नावाचं सेशन असलं तर त्यालाच जोडलं जातं, नसलं तर तयार होतं.

मग ही ओळ इफमध्ये घाला. टीमक्सच्या आत असताना टीमक्सच्याच नावाचं, सगळ्या मोठ्या अक्षरांतलं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरलेलं असतं. ते रिकामं असेल तरच पुढे जायचं. शेल इंटरॅक्टिव्ह आहे का (समोर बसून कोणी टाइप करतंय असं) हेही तपासा, म्हणजे डॉलर-डॅशमध्ये 'आय' हे अक्षर आहे का. एसएसएचवरून नुसती एखादी कमांड चालवली तरी बॅश ही फाइल वाचू शकतं. मी ही अट विसरलो होतो. माझं लॉगिन झकास चालायचं, रात्रीचा आरसिंकचा (फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामचा) बॅकअप मात्र गुपचूप बंद पडला होता, आणि ते मला तीन दिवसांनी कळलं.

बरेच जण त्या ओळीआधी 'एक्झेक' लावायला सांगतात. मी लावत नाही. एक्झेकने शेलची जागाच टीमक्स घेतं. ते काही कारणाने सुरू झालं नाही, तर कनेक्शनच तुटतं. नवा टर्मिनल ॲप वापरता आणि सर्व्हरच्या टर्मइन्फोमध्ये (टर्मिनलांच्या माहितीच्या यादीत) त्याची नोंद नाही, एवढंही कारण पुरतं. एक्झेक नसेल तर डिटॅच केल्यावर (सेशन चालू ठेवून बाहेर पडल्यावर) एकदा जादा 'एक्झिट' टाइप करावं लागतं, इतकंच.

खरं तर सर्व्हरला हातच लावू नका असं माझं मत. तुमच्या स्वतःच्या मशिनवरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये त्याच सर्व्हरसाठी वेगळं टोपणनाव करा, त्यात रिमोट-कमांडला वरची कमांड आणि रिक्वेस्ट-टीटीवायला 'येस' द्या. मूळ नावाने एससीपी, आरसिंक पूर्वीसारखंच चालतं.

लॉगआउट केल्यावर सेशनच मरत असेल तर दोष टीमक्सचा नाही. 2016 मध्ये आलेल्या सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारी यंत्रणा) 230 पासून लॉगआउटनंतर युझरच्या प्रोसेस मारणं डीफॉल्ट झालं. अनेक डिस्ट्रोंनी ते बंद ठेवलंय, सगळ्यांनी नाही. लॉगिनडी कॉन्फ या सिस्टमडीच्या सेटिंग फाइलमध्ये किल-युझर-प्रोसेसेस 'नो' करा. रूट नसेल तर ॲडमिनला विचारा. रीबूटनंतर मात्र सेशन राहत नाही.

आणि बॅशआरसीच बदलणार असाल तर एक जुनं कनेक्शन उघडं ठेवूनच दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा.