वाचकांचे प्रश्न : त्रिनिदादमध्ये मुक्काम हॉटेलात, जेवण गावात

प्रश्न : लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त आम्ही दोघे मार्चमध्ये पाच रात्रींसाठी त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेन येथे जाणार आहोत. तेथील डोंगरउतारावरच्या हिल्टन हॉटेलात राहण्याची फार दिवसांची इच्छा आहे. तिन्ही वेळच्या जेवणासह खोली घेतली तर काळजी मिटेल, असे प्रवास कंपनी सुचवते. मी शाकाहारी आहे, यजमान मासे खातात. काय करावे? – एक वाचिका

उत्तर : जेवणासह खोली घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. फार तर एका सकाळची न्याहारी हॉटेलात घ्यावी. याचे कारण हॉटेलच्या स्वयंपाकात काही उणे आहे असे नव्हे, तर त्रिनिदादचे उत्तम पदार्थ हातगाडीवर, छोट्या रोटीच्या दुकानांत आणि घरांत तयार होतात आणि त्यांच्या वेळाही ठरलेल्या असतात. सकाळी हॉटेलात पोटभर न्याहारी केलेला माणूस डबल्सच्या गाडीपुढे उभा राहिला तरी त्याला ती भूक कुठून आणता येणार?

डबल्सपासूनच सुरुवात करावी. हळद घातलेल्या मैद्याच्या, तळलेल्या, कापसासारख्या मऊ दोन छोट्या पुऱ्या, ज्यांना तिथे ‘बारा’ म्हणतात, त्यांवर रसदार छोले, चिंचेची चटणी, काकडी आणि ‘पेपर’ म्हणजे मिरचीचा ठेचा घालून कागदात गुंडाळून देतात. १९३०च्या दशकात प्रिन्सेस टाउन येथील दीन कुटुंबाने हा पदार्थ विकायला सुरुवात केली. आधी एकच बारा मिळत असे, गिऱ्हाइके दोन मागू लागली आणि त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. किंमत सुमारे एका अमेरिकी डॉलरइतकी असते आणि पदार्थ पूर्ण शाकाहारी असतो. पेपर किती हवा ते आधीच सांगावे. ‘स्लाइट’ म्हटले की अगदी थोडा घालतात आणि पहिल्या दिवशी तेवढाच मागावा, कारण जगातील अत्यंत तिखट मिरच्यांमध्ये गणली जाणारी स्कॉर्पियन मिरची याच बेटावरच्या मोरुगा गावची आहे.

तुमच्यासारख्या शाकाहारी वाचकाला हे बेट इतके सोयीचे का, याचे उत्तर इतिहासात आहे. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजुरांना घेऊन येथे पोहोचले आणि १९१७पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक माणसे अशा जहाजांनी येथे आली. त्यांतील बहुतेक भोजपुरी मुलखातली होती. उसाच्या मळ्यांत राबताना त्यांनी आठवणीतून जो स्वयंपाक जपला, तो आज केवळ त्यांच्या वंशजांचा न राहता साऱ्या देशाचा झाला आहे. जिऱ्याला तिथे ‘गीरा’ म्हणतात. सकाळी ‘साडा रोटी’बरोबर मिळणारा ‘बैगन चोका’ म्हणजे भाजलेल्या वांग्याचे भरीतच होय. दुपारी वाटलेली डाळ भरलेली ‘दालपुरी’ घ्यावी, किंवा तव्यावर कालथ्याने झोडून मोकळी केलेली ‘बस-अप-शट’ घ्यावी. ‘फाटका शर्ट’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो स्थानिक उच्चार आहे आणि रोटी समोर आली की नाव का पडले ते विचारावे लागत नाही. दोहोंबरोबर चणे-बटाटा, भोपळा आणि कैरीची आमटीसारखी करी मागता येते.

एक दिवस मात्र दक्षिणेकडे, सान फर्नांदोच्या पलीकडे असलेल्या डेबे गावासाठी राखून ठेवावा. रस्त्याकडेला ओळीने दुकाने आहेत आणि तिथे फुलौरी, कचोरी, बैगनी असे तळणीचे पदार्थ समोर गरम काढून देतात. त्यांतला ‘सहीना’ चुकवू नये. अळूच्या पानांना डाळीच्या पिठाचा लेप देऊन, गुंडाळी करून, तिचे काप तळतात. आपल्या अळूवडीची ही सख्खी बहीण इतक्या दूर भेटली तेव्हा मी काही क्षण नुसता तिच्याकडे पाहत राहिलो होतो.

दोन पदार्थांबाबत मात्र आधी विचारपूस करावी. अळूची पाने, भेंडी आणि नारळाचे दूध एकत्र शिजवून केलेले ‘कॅलालू’ दिसायला शाकाहारी असले तरी त्यात पुष्कळदा खेकडा किंवा खारवलेले डुकराचे मांस असते. ‘पेलाव’ हा भात तुरीच्या दाण्यांचा असला तरी बहुधा करपवलेल्या साखरेत परतलेली कोंबडी त्यात असतेच.

आता हॉटेलविषयी. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, म्हणजे १९६२ साली सुरू झालेले हे हॉटेल ‘उलटे हॉटेल’ म्हणून ओळखले जाते, कारण ते टेकडीच्या माथ्यावरून उताराला खाली उतरत गेले आहे. स्वागतकक्ष सर्वांत वर आहे आणि खोलीकडे जाण्यासाठी लिफ्टने खाली जावे लागते. खोली घेताना क्वीन्स पार्क सव्हाना या मोठ्या मैदानाच्या बाजूचा सज्जा आग्रहाने मागावा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर ते मैदान, त्यापलीकडचे शहर आणि परियाचे आखात एका नजरेत सामावते. त्या सज्जात दोन तास बसणे हाच या हॉटेलचा खरा उपभोग आहे. त्यानंतर मैदानाभोवतीच्या गाड्यांवर मक्याचे सूप प्यावे आणि शहाळे घ्यावे. अंधार पडल्यावर परतताना मात्र चालत न येता हॉटेलमार्फत ठरवलेली टॅक्सीच वापरावी.

प्रश्न : आम्हाला अशा मोठ्या हॉटेलात एकच रात्र परवडेल. ती पहिली असावी की शेवटची? – एक वाचक

उत्तर : शेवटची. पहिल्या रात्री लांबच्या प्रवासाने माणूस थकलेला असतो आणि उंची खोली झोपण्यातच खर्च होते. चार दिवस साध्या अतिथिगृहात राहून शहर पायांखाली घातल्यानंतर त्याच सज्जातून खाली पाहिले, तर सव्हानाच्या पश्चिम कडेला ओळीने उभ्या असलेल्या ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ या सात जुन्या वास्तू ओळखीच्या वाटतात. भाडे ठरवताना एवढे लक्षात ठेवावे की खोलीवर १० टक्के निवास कर लागतो आणि बहुधा १० टक्के सेवाशुल्कही आकारले जाते. सांगितलेल्या दरात ते धरले आहेत का, हे लेखी विचारून घ्यावे. कार्निव्हलच्या आठवड्यात भाडे कित्येक पटींनी वाढते, तेव्हा हा बेत करू नये.

प्रश्न : मराकस किनाऱ्यावरचा ‘बेक अँड शार्क’ खावा का? – एक वाचक

उत्तर : किनाऱ्यावर अवश्य जावे, डोंगरातून जाणारा रस्ताच इतका सुंदर आहे. तळलेल्या फुगीर पावात मासा आणि त्यावर चिंच, लसूण व ‘शॅडो बेनी’ या कोथिंबिरीसारख्या वासाच्या पानांची चटणी, अशी ही न्याहारी खरोखर चविष्ट असते. परंतु शार्कची संख्या जगभर घटत आहे आणि चवीचा मोठा भाग त्या चटण्यांत व पावातच असतो. म्हणून मी तिथे सुरमईच्या जातीचा ‘किंगफिश’ मागतो. अनेक दुकानांत तो मिळतो.