लिफ्ट केलेल्या जिप्सीला हेवी ड्युटी प्रोपेलर शाफ्ट घ्यावा का?

तुमची मारुतीची जिप्सी किंग. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) अ‍ॅक्सलच्या वर घेऊन लिफ्ट, म्हणजे उंच केली, मोठे टायर टाकले आणि आता साठच्या पुढे गाडी थरथरते. दुकानदार म्हणतो प्रोपेलर, म्हणजे इंजिनची ओढ अ‍ॅक्सलकडे नेणारा शाफ्ट, जाड पाइपचा आणि मोठ्या क्रॉसचा (टोकाच्या वळत्या सांध्याचा) टाका. टाकू का, असं विचारलंय.

नका टाकू. थरथरीसाठी तर अजिबात नका टाकू.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं लेथचं दुकान आहे. आबांनी (वडिलांनी) हयातभर प्रोपेलर दुरुस्त केले, जीपचे, ट्रॅक्सचे, उसाच्या ट्रकचे. आता तेच काम मी करतो. तुमचा प्रश्न वाचला आणि आमचे दाजी डोळ्यांसमोर आले, कारण त्यांनी अगदी हेच केलं होतं आणि त्यावरून आमच्या घरात अजून वाद आहे.

दाजींनी जिप्सी लिफ्ट केली आणि तुमच्यासारखीच थरथर सुरू झाली. आबा म्हणाले, गाडी दुकानावर सोडा, अँगल बघतो. दाजींनी ऐकलं नाही. मोठ्या शहरातल्या एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून जाड प्रोपेलर बसवून आणला. रंग चकचकीत, वेल्डिंग सुरेख, मला नाव ठेवायला जागा नव्हती. पण थरथर होती तशीच. उलट वजन वाढल्यामुळे हाताला जास्त जाणवायची.

त्याच पावसाळ्यात गगनबावड्याच्या बाजूला लाल चिखलाच्या चढावर गाडी लो मध्ये (जास्त ओढीच्या, हळू टप्प्यात) टाकली. मागचं चाक फिरत होतं, फिरता फिरता एकदम दगडावर पकडलं आणि खालून दणका आला. ट्रॅक्टरने ओढून गाडी रस्त्याला आणावी लागली. दुकानात मागच्या अ‍ॅक्सलचं हौजिंग उघडलं तर ऑइलमध्ये चमचमणारा चुरा आणि पिनियनचे (प्रोपेलर ज्याला फिरवतो त्या लहान दातेरी चाकाचे) दोन दात मुळापासून गेलेले. तुटलेल्या जागी करडं, दाणेदार पोलाद दिसत होतं, शेजारच्या दातावर केसासारखी बारीक तड. दाजी वाकून प्रोपेलरकडे बघत होते. म्हणाले, “बघा, शाफ्टला काय सुदिक झालं नाही!”

आबा म्हणाले, “तेच तर सांगतोय दाजी. त्यालाच व्हायला पाहिजे होतं.”

माझं सगळं म्हणणं आबांच्या या एका वाक्यात आहे. जिप्सीत लो आणि पहिला गिअर मिळून इंजिनची ओढ सुमारे ८ पट होते. त्यात मोठा टायर अडकला की तो ताण कुठेतरी तुटूनच मोकळा होणार. क्रॉस गेला तर जिप्सीच्या मागच्या प्रोपेलरला दोन्ही टोकांना चार-चार बोल्ट आहेत. ते काढा, शाफ्ट मागे टाका, पुढचे हब लॉक करून फोर हाय वर (फोर व्हील ड्राइव्हच्या वेगवान टप्प्यात) पुढच्या चाकांनी घरी या. क्रॉस स्वस्त, कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतो आणि बदलायला हातोडी आणि सर्क्लिपचा पक्कड पुरतो. क्राऊन-पिनियन (पिनियन आणि त्याच्या जोडीचं मोठं दातेरी चाक) गेलं तर गाडी जागच्या जागी बसते, जोडी घ्यावी लागते, शिवाय बॅकलॅश (दातांमधली फट) आणि प्रीलोड (बेअरिंगवरचा ताण) नीट लावणारा माणूस शोधावा लागतो. जाड शाफ्ट टाकून तुम्ही ताकद वाढवत नाही, तुटण्याची जागा महाग करता.

दाजींचं उत्तर ठरलेलं आहे, “पिनियन आधीचंच थकलेलं होतं.” असेल. मग थकलेल्या पिनियनच्या पुढे जाड शाफ्ट लावायचं कारण काय, हे ते आजवर सांगू शकलेले नाहीत.

आता तुमची थरथर. क्रॉस वाकड्या कोनात फिरतो तेव्हा पुढचं टोक एकसारखं फिरत असलं तरी मागचं टोक एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतं आणि दोनदा मागे पडतं. कोन १० अंश असेल तर हा फरक दीड टक्क्याच्या आसपास असतो, २० अंशांवर सहा टक्क्यांच्या वर जातो. साठच्या वेगाला शाफ्ट मिनिटाला दीड-दोन हजार फेरे मारतो, म्हणजे किती झटके ते बघा. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले आणि योक (क्रॉसला धरणारे काटे) एका रेषेत असले तर एकाचा झटका दुसरा मारून टाकतो. लिफ्ट केल्यावर पिनियनचं तोंड फिरतं, कोन जुळत नाहीत आणि थरथर येते. पाइप जाड केल्याने कोन कसा जुळेल?

दाजींच्या गाडीला आबांनी पिनियन बसवल्यावर जुना कंपनीचा शाफ्टच परत लावला. पाट्याखाली पोलादी पाचर घालून पिनियन ट्रान्सफर केसच्या (ओढ पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) फ्लँजला समांतर आणलं. मग स्प्लाइन (शाफ्टचा सरकता दातेरी जोड) उघडली तर योक एक दात सरकवून बसवलेले. ते रेषेत घेतले, नवे क्रॉस टाकले, बॅलन्सिंग केलं. गाडी नव्वदला गप्प गेली. याला दाजी “योगायोग” म्हणतात.

तुम्ही आधी ट्रान्सफर केस ज्यांवर टेकते ते तीन रबर बघा. जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वेगवेगळे आहेत, मध्ये एक आखूड शाफ्ट आहे. रबर दबले की केस कलते आणि तो आखूड शाफ्टच थरथरायला लागतो. कितीतरी लोक मागचा प्रोपेलर बदलत बसतात आणि दोष मध्येच असतो. मग क्रॉसच्या कपाजवळ बोट फिरवा. कुंकवासारखी लाल भुकटी लागली तर आत ग्रीस संपलंय आणि सुया गंजल्यात, तो क्रॉस काढाच. अ‍ॅक्सलरेटर दाबला-सोडला की थरथर बदलत असेल तर संशय कोनावर घ्या. वेगाबरोबर वाढते आणि पाय काढला तरी तशीच राहते, तर बॅलन्स बघा.

एक राहिलं. लिफ्टमुळे मागचा शाफ्ट ताणला जाऊन स्प्लाइन फार थोडी आत उरली असेल, किंवा पाइपला पोचा असेल, तर शाफ्टचं काम करावंच लागेल. पण ते लांबी वाढवणं झालं, तेवढ्याच जाडीच्या पाइपात करून घ्या. डबल कार्डन (एकाच टोकाला दोन क्रॉसचा सांधा) लावणार असाल तर वरचा समांतरचा हिशोब चालत नाही, तिथे पिनियनचं तोंड थेट शाफ्टच्या दिशेला लागतं. इंजिन बदललं असेल किंवा रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या ऑफरोड स्पर्धेत उतरणार असाल, तर अ‍ॅक्सल, पिनियन, शाफ्ट सगळंच वर न्यावं लागतं. एकटा शाफ्ट नाही. आणि मूळ रचनेत बदल केलेल्या गाडीचं आरटीओला आणि विमा कंपनीला काय दाखवणार, हे लिफ्ट करण्याआधी विचारायला हवं होतं. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही असं सांगणाऱ्या २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तो विषय हलका राहिलेला नाही.

दाजी हे वाचतील, त्यांना लिंक पाठवतोय. तो तुटलेला पिनियन अजून आमच्या लेथच्या कपाटावर आहे. तुम्ही कोल्हापूरकडे आलात तर हातात घेऊन बघा.