कॉलेजात पहिली, राष्ट्रीय स्पर्धेत शंभराच्या मागे

"कॉलेजात हिचा हात कोणी धरू शकत नाही. मग राष्ट्रीय स्पर्धेत गेली की हिला होतं तरी काय?" खेळाडूंचे आईवडील हा प्रश्न फार विचारतात. खेळाडू स्वतः विचारतात तेव्हा तो आणखी कडवट होतो: "तिथे धावायची माझी लायकीच नाही का?"

अशाच एका मुलीबद्दल लिहिते आहे. तिची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी लांब पल्ल्याची धावपटू. कॉलेजची क्रॉस कंट्री (ट्रॅकऐवजी गवत, चिखल, चढ यांवरून धावायची लांब शर्यत) जिंकली, निवड चाचणीतून संघात आली आणि राष्ट्रीय स्पर्धेत दोनशेहून जास्त मुलींमध्ये तिचा नंबर शंभराच्या पलीकडे गेला. माझ्याशी बोलायला आली, तेव्हा परतल्यापासून ती सरावाला फिरकली नव्हती. स्पाइक्स, म्हणजे शर्यतीचे खिळ्यांचे बूट, पिशवीतून काढलेही नव्हते, तळाचा चिखल तसाच वाळून गेला होता. "बघवत नाहीत ताई," म्हणाली.

अशा वेळी शर्यतीबद्दल बोलण्याआधी मी झोप, भूक, दुखापत आणि पाळी यांची चौकशी करते. मुलींना पाळीबद्दल विचारलं की त्या जरा बिचकतात, पण विचारायलाच हवं. सराव वाढतो आणि खाणं त्या मानाने वाढत नाही, तेव्हा शरीर काटकसर करू लागतं. पाळी लांबते किंवा थांबते, हाडांना बारीक भेगा पडतात, थकवा जात नाही, मन उदास राहतं. मुलांमध्येही हे होतं, फक्त पाळीसारखी ठळक खूण नसल्याने उशिरा कळतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन प्रशिक्षकांना आणि डॉक्टरांना सावध केलं. यातलं काही आढळलं तर आधी डॉक्टर, बाकीचं बोलणं नंतर. हिच्या बाबतीत सुदैवाने तसं काही नव्हतं. झोप थोडी बिघडली होती, इतकंच.

मग मी तिला शर्यत सांगायला लावली. निकाल बाजूला ठेवायचा आणि स्टार्टपासून जे आठवेल ते क्रमाने सांगायचं.

बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, लावताना हात इतके थरथरत होते की पिन लागेना, शेवटी शेजारच्या मुलीने लावून दिली. पोटात गोळा. आजूबाजूच्या मुली उंच, सडपातळ, बिनधास्त उड्या मारत वॉर्म-अप करणाऱ्या. "मला वाटलं, मी इथे चुकून आलेय." बंदूक वाजली आणि सगळा घोळका सुसाट सुटला. क्रॉस कंट्रीची स्टार्ट लाइन रुंद असते, पुढे थोड्याच अंतरावर रस्ता अरुंद होतो. तिथे कोंडी व्हायच्या आत जागा मिळवायची म्हणून सगळेच जोर लावतात. ही पहिल्या वळणाला पुढच्या तीसेक जणींत होती. पहिला किलोमीटर तिने आयुष्यात कधी धावली नव्हती इतक्या वेगाने काढला.

दुसऱ्या लॅपच्या, म्हणजे फेरीच्या, चढावर पाय भरून आले. मुली बाजूने पुढे निघून जाऊ लागल्या. "मी मोजायला लागले ताई. एक, दोन, तीन... एकोणीसपर्यंत मोजलं. मग सोडून दिलं."

इथे मी तिला थांबवलं. मोजणं सोडल्यावर काय झालं? तिला आठवेना. बराच वेळ गेल्यावर म्हणाली, "पुढे आमच्याच संघातली एक दिसली. तिच्या पाठीवर नजर ठेवून धावले." आणि मग? "मग फिनिश."

निकालपत्र तिच्या फोनमध्येच होतं. धावपटूच्या अंगावरच्या वेळ नोंदणाऱ्या चिपमुळे प्रत्येक लॅपला कितवा नंबर होता, तेही त्यात दिलेलं होतं. मधल्या भागात ती बऱ्याच जागा घसरली होती. शेवटच्या लॅपमध्ये तिने अकरा जणींना मागे टाकलं होतं. हे आकडे तिने पाहिलेच नव्हते, शेवटचा रकाना वाचून फोन बंद केला होता. मागे टाकणाऱ्या एकोणीस जणी लक्षात राहिल्या, आणि पाय जड झालेले असताना स्वतः मागे टाकलेल्या अकरा जणी विसरून गेल्या.

या खेळात हे जास्त का होतं, याबद्दल माझं एक मत आहे. ट्रॅकवर पाच हजार मीटर म्हणजे कुठेही पाच हजारच. विसावी आलीस तरी स्वतःची सर्वोत्तम वेळ घेऊन घरी येता येतं. क्रॉस कंट्रीत गवत, चिखल, चढ, वारा, सगळं दर ठिकाणी वेगळं. २०१९ ची जागतिक क्रॉस कंट्री डेन्मार्कमध्ये ऑर्हुसला झाली, तेव्हा मार्ग चक्क एका संग्रहालयाच्या उतरत्या, गवताळ छतावरून नेला होता. तिथल्या वेळेची तुलना करायची कशाशी? त्यामुळे धावपटूच्या हाती एकच आकडा उरतो, क्रमांक. आणि तो निम्मा इतरांच्या पायांवर ठरतो. मधल्या गर्दीत तर काही सेकंदांच्या फरकात पंधरा-वीस जणी असतात. कॉलेजच्या शर्यतीत तेवढ्याच सेकंदांनी ती दुसरीची तिसरी झाली असती.

वर संघाचा हिशोब वेगळाच. जागतिक स्पर्धेत एका देशाचे सहा जण धावतात आणि पहिल्या चौघांचे क्रमांक बेरजेत धरतात, कमी बेरीज जिंकते. आकडे थोडे बदलले तरी सगळीकडे रीत हीच. हिचा क्रमांक संघाच्या बेरजेत धरला होता. त्या अकरा जणी मागे पडल्या नसत्या, तर संघही खाली गेला असता. तिच्या सरांनी हे तिला तिथेच सांगितलं होतं म्हणे, पण त्या दिवशी तिच्या कानात काही शिरलं नव्हतं.

मी तिला जोशुआ चेप्तेगेई या धावपटूबद्दल सांगितलं. २०१७ ची जागतिक क्रॉस कंट्री त्याच्याच देशात, युगांडात कंपालाला होती. घरचे प्रेक्षक, तो आघाडीवर, आणि शेवटच्या लॅपमध्ये त्याचं शरीरच बंद पडलं. लडखडत तो तिसावा आला. दोन वर्षांनी ऑर्हुसला तोच जिंकला आणि २०२० मध्ये त्याने पाच हजार आणि दहा हजार मीटरचे जागतिक विक्रम केले. तूही अशीच विश्वविजेती होशील, असं मला सुचवायचं नव्हतं. असं खोटं आश्वासन मी कोणाला देत नाही. मला एवढंच दाखवायचं होतं की झेपेल त्याहून जास्त वेगाने सुरुवात केली, तर जगातल्या सर्वोत्तम पायांचंही हेच होतं. चढावर तिचे पाय भरून आले, त्याचं कारण पहिल्या किलोमीटरमध्ये होतं. लायकीचा प्रश्न मध्ये आणायची गरजच नव्हती.

पुढचं काम तिने आणि सरांनी मैदानावर केलं. सुरुवातीचे तीनेकशे मीटर जोरात आणि मग मुद्दाम वेग उतरवायचा, हे दमलेल्या पायांनी, गर्दीत, पुन्हा पुन्हा. चढावर कोण पुढे गेलं हे न पाहता पुढच्या एकाच पाठीवर नजर. ती हे आधीच करून बसली होती, आता ठरवून करायचं. हाताच्या थरथरीबद्दल माझ्याशी बोलली. ती ॲड्रेनॅलिनची असते, शरीर धावायला सज्ज झाल्याची. ती घालवायच्या मागे लागू नये. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यावा, आणि बिब आदल्या रात्रीच टी-शर्टला लावून ठेवावा.

तिच्या वडिलांशीही एकदा बोलले. शर्यतीनंतर फोनवर त्यांचा पहिला प्रश्न "कितवी आलीस?" असायचा. प्रेमाने विचारायचे, पण मुलीला उत्तर द्यायची धास्ती बसली होती. "कशी झाली शर्यत, सांग" असं विचारा, म्हटलं. क्रमांक ती आपणहून सांगेलच. त्यांना ते पटायला थोडा वेळ लागला, नंतर मात्र त्यांनी ते पाळलं.

धावणं सोडायचं का, हा तिचा खरा प्रश्न होता. त्यावर मी हो किंवा नाही म्हटलं नाही. मोठ्या शर्यतीनंतरच्या दिवसांत असा निर्णय घेऊ नये, एवढंच सांगितलं. मोसमभर सराव कर, आवडेनासा झाला तर सोड, त्यात कमीपणा काही नाही.

तिने सोडलं नाही. पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती सत्तरच्या आसपास आली. मला शर्यत सांगताना सुरुवात पहिल्या वळणापासून केली, तिथे ती एकशे चाळिसावी होती. मधल्या चढावर अजून वेळ जातो, ही तिची तक्रार आहे, आणि या मोसमात त्यावरच सराव चालू आहे.