नाव बदललं, आता वेबसाइट

प्रश्न : आमची कंपनी गृहनिर्माण सोसायट्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवते. कंपनीचं नाव बदलतंय, म्हणून लोगो, डोमेन, वेबसाइट सगळंच नवीन करायचंय आणि ते काम माझ्याकडे आलंय. जुन्या साइटवर दीडशे पानं आहेत. निम्म्याहून जास्त चौकशा गूगलवरून येतात. लोगोपासून सुरुवात करू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : लोगो थोडा थांबू दे. आधी नवं नाव ट्रेडमार्क नोंदींमध्ये शोधा. सॉफ्टवेअर वर्ग ९ मध्ये येतं आणि ऑनलाइन सेवा म्हणून दिलेलं सॉफ्टवेअर वर्ग ४२ मध्ये, त्यामुळे दोन्हीकडे पाहा. स्पेलिंग वेगळं पण उच्चार सारखा, अशी नावंही तपासा. हरकत बहुतेक वेळा तिथूनच येते.

मग जुन्या पानांची यादी करा. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइट गूगलवर कशी शोधली जाते ते दाखवणाऱ्या गूगलच्याच साधनात, मागच्या १६ महिन्यांची आकडेवारी मिळते, ती आजच उतरवून घ्या. एक्सेलमध्ये दोन रकाने करा : जुना पत्ता आणि त्याच विषयाचं नवं पान. प्रत्येक ओळीला स्वतंत्र ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण, लावायचा. घाईत सगळे जुने पत्ते सरसकट मुख्यपानाकडे वळवले जातात आणि घात तिथेच होतो. ‘देखभाल शुल्कावरचं व्याज कसं काढायचं’ हे शोधत आलेल्या खजिनदाराला मुख्यपान दाखवलं, तर तो परत जातो. गूगलही असं पान हरवलेलंच धरतं. रिडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा. जुन्या डोमेनचे पैसे मात्र पुढेही भरत राहा. ते सोडलं आणि दुसऱ्याने घेतलं, तर तुमच्या जुन्या ईमेल पत्त्यांवरची पत्रं, पासवर्ड बदलण्याच्या लिंकसुद्धा, त्याच्या हाती पडतील.

चाचणीच्या साइटवर गूगलला अडवणारी ‘नोइंडेक्स’ची ओळ असते. ती खऱ्या साइटवर तशीच गेली तर पानं एकेक करून शोधातून गळतात, आणि ते लक्षात यायला आठवडे जातात. साइट सुरू केल्यावर पहिल्या तासात दहा पानांचा सोर्स (पानामागचा कोड) उघडून ती ओळ काढल्याची खात्री करा. ईमेलचंही तसंच : पत्र खरंच तुमच्याकडून आलंय हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी नव्या डोमेनवर नसतील तर बिलं आणि ओटीपी स्पॅममध्ये जातील.

मुहूर्त? तुमचे ग्राहक ३१ मार्चनंतर हिशेब आवरतात आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घेतात. तो काळ सोडा. नोव्हेंबरमधला एखादा मंगळवार सकाळी धरा. शुक्रवारी संध्याकाळी कधीच नको, काही बिघडलं तर सोमवारपर्यंत माणूस सापडत नाही.

प्रश्न : नव्या साइटच्या मराठी पानांवर शीर्षकं तुटक दिसतात, वेलांट्यांची टोकं कापली जातात. फॉन्ट बदलू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : फॉन्टच्या आधी मापं बघा. इंग्रजी शीर्षकांसाठी डिझायनरने अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. मराठीत त्याने शिरोरेषेचे तुकडे पडतात. मराठीपुरतं ते शून्य करा. ओळींची उंची इंग्रजीत अक्षराच्या आकाराच्या १.१ पट चालते, मराठी शीर्षकाला १.४ आणि मजकुराला १.६ च्या आसपास द्या. वरची वेलांटी आणि रफार, खालचा उकार यांना जागा लागते. पानाची भाषा कोडमध्ये हिंदी नव्हे, मराठी म्हणून नोंदवा : ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात, आणि मराठी वाचकाला तो फरक जाणवतो.

एवढं करूनही जमलं नाही तर फॉन्ट बदला. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ देवनागरी आणि रोमन दोन्हीत आहे, मोफतही. निवडण्याआधी ‘वऱ्हाड’, ‘दुसऱ्या’, ‘सर्वोत्कृष्ट’ हे शब्द साध्या अँड्रॉइड फोनवर टाइप करून पाहा. ‘ऱ्ह’ नीट जुळला नाही, तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही.

प्रश्न : डिझायनरकडून लोगोच्या कोणत्या फाइल्स मागून घ्यायच्या?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) मूळ फाइल, प्ले स्टोअरसाठी ५१२ आणि अॅप स्टोअरसाठी १०२४ पिक्सेलचा चौकोन, शिवाय एकरंगी रूप, कारण पावत्या काळ्या-पांढऱ्यातच छापल्या जातात. ब्राउझरच्या टॅबसाठी १६ पिक्सेलचं चिन्ह वेगळं काढून घ्या. पूर्ण लोगो तेवढा लहान केला की नुसता ठिपका उरतो.