०.१४ आणि त्यापुढचे दोन तारे

तुम्ही विचारलंत: प्रबंधात ४०० विद्यार्थी, अभ्यासाच्या सवयी आणि दहावीचे गुण यांचा सहसंबंध गुणांक (दोन गोष्टी किती जुळून बदलतात ते सांगणारा आकडा, शून्य म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.१४, एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरच्या तक्त्यात त्यापुढे दोन तारे, आणि मार्गदर्शक सर म्हणतात 'उच्च सहसंबंध' लिहा. नका लिहू.

गुणांक कसा काढतात ते तुम्हाला येतंच. दोन तारे सांगतात ते एवढंच: प्रत्यक्षात संबंध शून्य असता तर ४०० जणांच्या नमुन्यात एवढा किंवा याहून मोठा गुणांक निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता (हाच तक्त्यातला 'पी') शंभरात एकाहून कमी. एक तारा म्हणजे शंभरात पाचाहून कमी. संबंध किती घट्ट, ते गुणांकाला विचारा. ०.१४ चा वर्ग ०.०२, म्हणजे गुणांमधल्या चढउतारापैकी जेमतेम २ टक्के सवयींशी जुळतो. नमुना ४०० चा असला की ०.१० लाही एक तारा मिळतो. दहाच जण असतील तर ०.६३ च्या वर जावं लागतं.

माझ्या स्वतःच्या प्रबंधातलं दुखणं उलट टोकाचं. २४ शिक्षक, गुणांक ०.३८, पी ०.०७, तारा नाही. छाननी समितीचा शेरा: 'संबंध नाही असा निष्कर्ष लिहा.' मी ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटर्व्हल, म्हणजे खरा गुणांक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला, काढून नेला, उणे ०.०३ ते ०.६८. अहो, यात शून्यही बसतं आणि चांगला घट्ट संबंधही बसतो! नमुना लहान, म्हणून ठामपणे काहीच सांगता येत नाही, हे एक वाक्य त्यांना चालेना. त्यांच्या छापील फॉर्मात 'परिकल्पना स्वीकारली' किंवा 'फेटाळली' एवढ्या दोनच चौकटी. शून्य परिकल्पना ('संबंध नाही' हे गृहीतक) 'फेटाळता आली नाही' म्हणजे ती 'स्वीकारली' असं होत नाही, हे समजावता समजावता पुढच्या सत्राची फी भरावी लागली. सही करणाऱ्यांपैकी एकानेही आलेख उघडून पाहिला नव्हता.

तुम्ही मात्र आलेख आधी काढा, प्रत्येक विद्यार्थ्याचा एक बिंदू. अ‍ॅन्सकोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये चार आकडेसंच दिले. चारही ठिकाणी गुणांक ०.८२ च्या आसपास, पण एकात चक्क वक्ररेषा आणि एकात सगळा डोलारा एका बिंदूवर. गैरहजर मुलांची खूण म्हणून भरलेले ९९ चुकून गुण म्हणून मोजले गेले असतील तर तेही तिथेच पकडले जातील.

मी शाळामास्तर, संख्याशास्त्रज्ञ नव्हे. तुमच्या विद्यापीठाचे नियम बघून घ्या. पण मी असतो तर लिहिलं असतं: 'सहसंबंध सार्थक, परंतु क्षीण (०.१४, इंटर्व्हल ०.०४ ते ०.२३).' सार्थक म्हणजे फक्त तारा मिळालेला, मोठा नव्हे. सर अडून बसले तर संख्याशास्त्रावर लिहिणाऱ्या कोहेनची गुणांकांची प्रतवारी दाखवा: ०.१ लहान, ०.३ मध्यम, ०.५ मोठा. तीही ढोबळच, पण छापील आकड्यापुढे सर जरा नरमतात.

आणि तक्त्यात पी '.०००' दिसला तर तसाच उतरवू नका, '०.००१ पेक्षा कमी' लिहा. बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारतात.